निष्ठागुणांचे मोल आणि त्यांची वटणावळ

नेहमीच्या गिऱ्हाइकास खरेदीच्या प्रमाणात काही गुण द्यावयाचे आणि पुढे त्या गुणांच्या मोबदल्यात त्यास माल किंवा सूट द्यावयाची, ही दुकानदारीची रीत आता इतकी रूढ झाली आहे की, किराणा-भांडार, औषधांचे दुकान, पेट्रोलपंप, विमानकंपनी, बँक यांपैकी कोठेही गेले तरी तिची गाठ पडल्यावाचून राहत नाही. या गुणांचा हिशेब हा वस्तुतः वाणिज्याचा विषय. भाषेच्या अभ्यासकाने त्यात का शिरावे, अशी शंका वाचकांस येणे स्वाभाविक आहे. तीस उत्तर असे की, या व्यवहारात गिऱ्हाइकाचे जे नुकसान होते त्याचा बराच मोठा भाग अंकगणित न आल्यामुळे होत नसून शब्द नीट न वाचल्यामुळे होतो. त्रैराशिक सर्वांनाच येते. परंतु ते कोणत्या आकड्यांवर करावयाचे हे योजनेची भाषा ठरवीत असते, आणि ती भाषा दुकानदाराने घडविलेली असते.

प्रथम नावच पाहू. इंग्रजीतील 'लॉयल्टी पॉइंट' या संज्ञेस आम्ही येथे 'निष्ठागुण' हा शब्द योजला आहे. तो कानास थोडा विचित्र लागतो आणि तसा तो लागावा हेच बरे. 'निष्ठा' हा शब्द आपल्याकडे स्वामिनिष्ठा, ध्येयनिष्ठा, व्रतनिष्ठा अशा थोर संगतीत वावरलेला. साबणाच्या वडीशी त्याचा संबंध जोडताना मराठी मन अडखळते. इंग्रजी शब्द मात्र अंगवळणी पडल्यामुळे ही विसंगती आपणास जाणवत नाही. 'गुण' या शब्दाची अडचण निराळी आहे. परीक्षेत गुण मिळतात ते कर्तृत्वामुळे, या संस्कारामुळे खात्यावर जमलेले गुण ही आपली कमाई आहे अशी भावना सहज उत्पन्न होते. योजनांच्या जाहिरातीही 'गुण कमवा' असेच सांगतात. उलट त्याच योजनांच्या बारीक अक्षरांतील नियमांत बहुधा असे म्हटलेले असते की, हे गुण गिऱ्हाइकाची मालमत्ता नव्हेत आणि ते केव्हाही बदलण्याचा वा रद्द करण्याचा अधिकार चालकांकडे राहील. जाहिरातीतील क्रियापद एक हक्क सूचित करते, नियमातील वाक्य तो काढून घेते. आपले आहे असे वाटणे आणि ते आपले असणे यांतील हे अंतर या सबंध विषयाच्या मुळाशी आहे.

गुणांच्या मोबदल्यात काही घेणे यास इंग्रजीत 'रिडीम' करणे म्हणतात. तो शब्द गहाण सोडविणे आणि आत्म्याचा उद्धार होणे अशा दोन्ही अर्थछटा घेऊन येतो. दोन्ही येथे गैरलागू आहेत. कारण आपण दुकानदाराकडे काही गहाण ठेवलेले नसते. मराठीत याहून नेमके क्रियापद तयार आहे, ते म्हणजे 'वटविणे'. हुंडी वटते, चेक वटतो, आणि कधी वटत नाही, हेही त्या क्रियापदातच अभिप्रेत आहे. शिवाय 'वटाव' आणि 'वटणावळ' या त्याच्या सोयऱ्या शब्दांनी कागदाचे रोकडीत रूपांतर होताना मध्ये काही कापले जाते, हा व्यवहारातील अनुभव साठवून ठेवला आहे. 'बट्टा' हा शब्दही त्याच पेठेतला. पेशवाईत अंकुशी, चांदवडी अशा निरनिराळ्या रुपयांचा चलनात वावर असे. एका रुपयाचा दुसरा करून घेताना सराफ बट्टा घेई. कंपनी सरकारने १८३५ साली एकसारखा रुपया काढला आणि पुढे कालांतराने हा घोळ मिटला. निष्ठागुण म्हणजे प्रत्येक दुकानदाराने आपापल्या टाकसाळीत पाडलेले नाणे होय, असे समजून चालले म्हणजे निम्मी दिशाभूल टळते. ते नाणे पाहिल्यावर विचारावयाचा प्रश्न एकच : यावर बट्टा किती?

येथे फेर्दिनां द सोस्यूरची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९१६ साली, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानग्रंथात भाषिक चिन्हाचे 'मूल्य' समजावून देताना त्याने पाच फ्रँकच्या नाण्याचाच दृष्टांत घेतला आहे. नाण्याचे मूल्य ठरवावयाचे तर त्याच्या बदल्यात वेगळ्या जातीची वस्तू, उदाहरणार्थ भाकरी, किती मिळते हे पाहावे लागते. तसेच त्याच व्यवस्थेतील दुसऱ्या नाण्यांशी त्याची तुलना करावी लागते. दोहोंपैकी एक बाजू सुटली की मूल्य हाती लागत नाही. गुण मोजणारे गिऱ्हाईक बहुधा दोन्ही बाजू सोडते आणि केवळ चिन्हांची संख्या मोजीत बसते.

इंग्लंडमधील दोन प्रसिद्ध योजना शेजारी ठेवल्या असता हे स्पष्ट होईल. उच्च शिक्षणासाठी तिकडे गेलेल्या आपल्या विद्यार्थ्यांच्या खिशांत ही दोन्ही कार्डे असतात. टेस्को या दुकानाचे 'क्लबकार्ड' फेब्रुवारी १९९५ मध्ये देशभर सुरू झाले, आणि सेन्सबरीच्या दुकानांत चालणारे 'नेक्टर' २००२ मध्ये. दोन्हींचे वाक्य आज जवळजवळ सारखेच आहे : एक पौंड खर्च करा, एक गुण मिळवा. परंतु टेस्कोचा एक गुण दुकानात एक पेनीस वटतो, तर नेक्टरचा अर्ध्या पेनीस. म्हणजे एकाच वाक्याचा अर्थ एके ठिकाणी शेकडा एक आणि दुसरीकडे शेकडा अर्धा. पुन्हा टेस्कोचाच गुण उपाहारगृहे, करमणूक वगैरे भागीदार संस्थांकडे वटविला तर त्याचे दोन पेन्स होतात. जून २०२३ पूर्वी तेथे तीन होत असत. नेक्टरमध्ये एप्रिल २०१५ पर्यंत सेन्सबरीच्या दुकानांत पौंडास दोन गुण मिळत, ते एकावर आले. दोन्ही वेळा 'गुण' हा शब्द जागच्या जागी राहिला आणि त्यामागील दर खाली सरकला. बाजारातील भाव वाढला तर तो फलकावर दिसतो. येथे मात्र चिन्ह तसेच ठेवून त्यातील मोल काढून घेता येते.

पूर्वी ही सोय दुकानदारास इतकी मोकळी नव्हती. अमेरिकेत स्पेरी आणि हचिन्सन यांनी १८९६ साली हिरव्या तिकिटांचा धंदा सुरू केला. दुकानदार ती तिकिटे विकत घेऊन गिऱ्हाइकास देई, गिऱ्हाईक ती वहीत चिकटवी आणि वही भरली की वस्तू नेई. इंग्लंडमध्ये रिचर्ड टॉम्पकिन्स याने १९५८ मध्ये 'ग्रीन शील्ड' तिकिटे काढली. ती इतकी फोफावली की १९६४ साली पार्लमेंटने व्यापारी तिकिटांसंबंधी स्वतंत्र कायदाच केला. त्यान्वये तिकिटावर त्याची रोख किंमत छापणे आवश्यक झाले आणि ठरावीक रकमेची तिकिटे जमल्यावर वस्तूऐवजी रोख मागण्याचा अधिकार गिऱ्हाइकास मिळाला. छापील किंमत फार थोडी असे हे खरे. परंतु नाण्याच्या तोंडावर त्याचे मोल लिहिलेले असावे, हे तत्त्व मान्य झाले होते. तो कायदा २००५ मध्ये रद्द झाला. टेस्कोने १९७७ साली ही तिकिटे बंद केली होती. अठरा वर्षांनी क्लबकार्ड आले तेव्हा सेन्सबरीच्या प्रमुखांनी त्याची संभावना 'विजेवर चालणारी ग्रीन शील्ड तिकिटे' अशा आशयाच्या शब्दांत केली, आणि पुढल्याच वर्षी स्वतःचे कार्ड काढले. वास्तविक फरक विजेचा नव्हता. तिकीट गिऱ्हाइकाच्या वहीत होते, गुण दुकानदाराच्या वहीत आहे, हा तो फरक.

आता प्रत्यक्ष हिशेबाकडे वळू. कोणत्याही योजनेत दोन दर असतात : मिळण्याचा आणि वटण्याचा. जाहिरात पहिला सांगते. दुसरा बहुधा शोधून काढावा लागतो. समजा, 'प्रत्येक १५० रुपयांस २ गुण' असा नियम आहे आणि गुण २५ पैशांस वटतो. तर परतावा १५० रुपयांवर ५० पैसे, म्हणजे शेकडा सुमारे ३३ पैसे. 'प्रत्येक' हे विशेषण येथे निरुपद्रवी नव्हे. २९० रुपयांच्या खरेदीसही दोनच गुण मिळतात, कारण दुसरे दीडशे पुरे होत नाहीत. 'पाचपट गुण' असे वाचले की डोळे दिपतात. पण ३३ पैशांची पाचपट शेकडा १ रुपया ६७ पैसे भरते. शेजारचा वाणी काही न बोलता दोन टक्के सोडीत असेल तर तो अधिक उदार म्हणावा लागेल. सर्वच योजना असा आडपडदा ठेवतात असे मात्र नाही. टाटा समूहाने २०२२ मध्ये सुरू केलेल्या योजनेत एक 'न्यूकॉइन' म्हणजे एक रुपया असा सरळ दर ठेवला आहे. तेथे निदान भागाकाराचा त्रास वाचतो.

गुण वटविताना वापरावयाचे सूत्र पुढीलप्रमाणे सांगता येईल : वस्तूच्या रोख किमतीतून गुणांखेरीज द्यावी लागणारी रक्कम वजा करावी आणि बाकीस गुणांच्या संख्येने भागावे. सूत्र सोपे आहे. मेख आहे ती 'रोख किंमत' या शब्दांत. समजा, बक्षिसांच्या यादीत १२,००० गुणांस एक मिक्सर आहे, त्याची छापील किंमत ४,००० रुपये, आणि घरपोच पाठविण्याचे ९९ रुपये वेगळे. छापील किमतीवर हिशेब केला तर गुण ३२ पैशांहून थोडा अधिक भरतो. परंतु तोच मिक्सर पेठेत २,७०० रुपयांस मिळत असेल तर गुणाचे खरे मोल २,६०१ भागिले १२,०००, म्हणजे पावणेबावीस पैशांच्या आतच येते. त्याच योजनेत २५ पैसे दराने बिलात वजावट घेता येत असेल, तर १२,००० गुणांचे ३,००० रुपये घ्यावेत, बाजारातून मिक्सर आणावा, आणि वर ३०० रुपये शिल्लक राहतात. वस्तूंच्या याद्या आणि देणगीपत्रे यांपेक्षा सरळ वजावट पुष्कळदा सरस ठरते ती या कारणाने.

विमानप्रवास हा याला अपवाद म्हणून नेहमी सांगितला जातो, आणि त्यात तथ्य आहे. १०,००० गुण व १,८०० रुपये कर भरून ९,००० रुपयांचे तिकीट मिळाले तर गुणास ७२ पैसे येतात. मात्र येथे प्रामाणिकपणे एक प्रश्न स्वतःस विचारावा : गुण नसते तर आपण हे ९,००० रुपये दिले असते काय? दुसऱ्या वेळेचे ५,५०० रुपयांचे तिकीट घेतले असते, तर मोल ३७ पैसे होते. आगगाडीने गेलो असतो, तर त्याहूनही कमी. तुलना करावयाची ती आपण खरोखर निवडला असता त्या पर्यायाशी, सर्वांत महागड्या पर्यायाशी नव्हे. महाग वस्तू गुणांनी घेतली म्हणजे गुणांना भाव येतो, या समजुतीने कित्येक सुबुद्ध माणसे नको त्या गावी जाऊन आलेली आम्हास ठाऊक आहेत.

ही समजूत कोठून येते, यावर मानसशास्त्रज्ञांनी चांगले काम केले आहे. २००३ साली क्रिस्टोफर सी आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले की, श्रम आणि फळ यांच्यामध्ये गुणांसारखे माध्यम घातले की माणसे फळाकडे न पाहता माध्यमच अधिकाधिक मिळवू लागतात. अल्प श्रमांत मिळणारे आवडते आइस्क्रीम सोडून, अधिक गुण मिळतात म्हणून, अधिक श्रमांचे कमी आवडते आइस्क्रीम पत्करणारांची संख्या त्यांच्या प्रयोगात लक्षणीय वाढली. त्या गुणांचा उपयोग आइस्क्रीम घेण्यापलीकडे काहीच नव्हता. नून्स व ड्रेझ यांचा २००६ मधील प्रयोग तर अधिकच बोलका आहे. मोटार धुण्याच्या दुकानात निम्म्या गिऱ्हाइकांना आठ शिक्क्यांचे कोरे कार्ड दिले. उरलेल्यांना दहा शिक्क्यांचे, पण दोन शिक्के आधीच मारलेले. दोघांनाही आणखी आठच खेपा करावयाच्या होत्या. कोरे कार्ड पुरे करणारे शेकडा १९ निघाले. दोन शिक्के 'मिळालेले' ३४. आरंभीच दिलेले ते 'स्वागतगुण' दानधर्मासाठी नसतात. त्याच वर्षी किवेट्झ व सहकाऱ्यांनी कॉफीच्या कार्डांवरून असे दाखविले की, बक्षीस जवळ येईल तसतशी गिऱ्हाइकाच्या खेपांमधील अंतरे आखडत जातात. 'आणखी फक्त ४० गुण' या वाक्यातील 'फक्त' हे क्रियाविशेषण कोणासाठी काम करीत आहे, हे आता निराळे सांगण्याची गरज नसावी. त्या ४० गुणांसाठी करावी लागणारी खरेदी आणि बक्षिसाचे मोल ताडून पाहावे. खरेदी एरवीही करावयाची असेल तर ती करावी, नसेल तर कार्ड अपुरे राहू द्यावे.

सर्वांत गंभीर प्रश्न उधारीचा आहे आणि तो आमच्या विद्यार्थ्यांशी थेट संबंधित आहे. छात्रवृत्तीची रक्कम महिनोन्‌महिने रखडते, त्या काळात बँकेचे क्रेडिट कार्ड घरखर्चास उपयोगी पडते आणि वर गुणही मिळतात, असे पुष्कळांचे म्हणणे असते. पूर्ण देणे मुदतीत फेडले जात असेल तोवर ते बरोबर आहे. परंतु २०,००० रुपयांची बाकी एक महिना राहिली आणि व्याज दरमहा साडेतीन टक्के असले (आपल्याकडे असे दर सर्रास आढळतात), तर व्याजाचे ७०० रुपये होतात. त्याच २०,००० रुपयांवर वरील नियमाने २६६ गुण, म्हणजे साडेसहासष्ट रुपये मिळालेले असतात. शिवाय जुनी बाकी राहिली की नव्या खरेदीवरील बिनव्याजी मुदतही सामान्यतः लागू होत नाही. ती खरेदी पहिल्या दिवसापासून व्याजास चढते. मराठीत औषध लागू पडले म्हणजे 'गुण आला' असे म्हणतात. येथे गुण मिळतात, पण गुण येत नाही. ज्याचे देणे दरमहा पुरे फिटत नाही त्याने निष्ठागुणांचा विचार सोडून द्यावा आणि आधी बाकी फेडावी; या एका बाबतीत आम्हास दुसरी बाजू दिसत नाही.

गुण साठवून ठेवावेत की लगेच वटवावेत, याचे उत्तर हिशेबनिसांच्या वहीत सापडते. १ एप्रिल २०१८ पासून आपल्याकडे लागू झालेल्या भारतीय लेखामानक ११५ प्रमाणे, आणि त्याच्या मूळ आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे, गुण देणाऱ्या दुकानदारास विक्रीची सर्व रक्कम तत्काळ उत्पन्न म्हणून दाखविता येत नाही. मानकातीलच उदाहरण असे आहे : १,००,००० ची विक्री, त्यावर प्रत्येकी १ किमतीचे १०,००० गुण, आणि त्यांपैकी ९,५०० वटतील असा अंदाज. येथे विक्रीचे ९१,३२४ धरावयाचे आणि ८,६७६ हे पुढे द्यावयाच्या मालापोटी देणे म्हणून ठेवावयाचे. म्हणजे आपण 'फुकट' समजतो त्या गुणांची किंमत आपणच मोजलेली असते, असे दुकानदाराची वहीच कबूल करते. न वटणाऱ्या ५०० गुणांचा अंदाज आधीच हिशेबात घेतलेला असतो, हेही ध्यानात घ्यावे. आपल्या विस्मरणास तेथे एक निश्चित आकडा आहे.

या गुणांवर व्याज मिळत नाही, दर एकतर्फी उतरू शकतो, आणि मुदत सरली की ते जातात. कॅनडातील 'एअर माइल्स' योजनेने पाच वर्षांहून जुने गुण २०१६ च्या अखेरीस रद्द होतील असा नियम केला होता. त्यावर एवढा क्षोभ झाला की अवघा महिना उरला असता, डिसेंबर २०१६ च्या आरंभी, तो मागे घ्यावा लागला. ऑन्टारियो प्रांताने तर केवळ काळ लोटल्यामुळे गुण रद्द होऊ नयेत असा कायदा त्याच महिन्यात केला. मुदतीच्या भीतीने घाईघाईत गुण उधळून बसलेल्यांना मात्र त्याचा लाभ झाला नाही. आपल्याकडे जेट एअरवेजची विमाने १७ एप्रिल २०१९ नंतर उडाली नाहीत. तथापि तिची गुणयोजना निराळ्या कंपनीच्या हाती असल्यामुळे ती तगली आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये 'इंटरमाइल्स' या नावाने चालू राहिली. विमाने गेली आणि मैल उरले, असा हा विलक्षण प्रकार. प्रत्येक वेळी असे दैव लाभेल या भरवशावर साठा करणे शहाणपणाचे नव्हे. आमचे मत असे की, ठरलेल्या प्रवासासाठी जमविणे वगळता, किमान मर्यादा गाठताच गुण वटवावेत. आणि दहा ठिकाणी थोडे थोडे विखुरण्यापेक्षा जेथे एरवीही जाणे होते अशा एकदोन ठिकाणीच ते जमू द्यावेत, म्हणजे ती मर्यादा लवकर गाठली जाते.

नियमांच्या भाषेत आणखी एका शब्दयोगी अव्ययाकडे अभ्यासकांनी लक्ष द्यावे, ते म्हणजे 'पर्यंत'. '१० टक्क्यांपर्यंत परतावा' या शब्दांनी वरची सीमा सांगितली जाते, खालची नाही. शून्य टक्के परतावा दिला तरी विधान खोटे ठरत नाही. ऐकणारा मात्र बोलणाराच्या हेतूविषयीच्या नेहमीच्या गृहीतांनुसार दहाच्या आसपासचा आकडा मनात धरतो. तसेच 'गुण जमा होतील', 'दर बदलले जातील' अशा रचनांत कर्ता कोठेच नसतो. जमा होण्यास कर्ता नसला तरी चालेल. बदलणारा कोण, हे कळणे गिऱ्हाइकाच्या हिताचे आहे.

अलीकडे गुणांचे महत्त्व कमी होऊन त्यांची जागा दुहेरी किंमत घेऊ लागली आहे. टेस्कोने २०१९ पासून कार्डधारकांसाठी वेगळे भाव लावण्यास आरंभ केला. कार्ड नसणारास अवाजवी भाव सांगून ही सवलत खोटीच उभी केली जात असावी, असा संशय घेतला जाई. इंग्लंडच्या स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सुमारे ५०,००० वस्तूंच्या पाहणीअंती असे सांगितले की, शेकडा ९२ वस्तूंत नेहमीच्या भावाशी तुलना करता सवलत खरी होती. तथापि दुसऱ्या दुकानात तीच वस्तू अधिक स्वस्त असू शकते, असेही त्यांनी बजावले आहे. या भावांची किंमत आपण माहितीच्या रूपाने देतो. क्लबकार्डाच्या पहिल्या चाचण्यांचे निष्कर्ष ऐकून टेस्कोचे तत्कालीन अध्यक्ष म्हणाले होते की, मला तीस वर्षांत गिऱ्हाइकांविषयी जे कळले नाही ते तुम्हास तीन महिन्यांत कळले, याचीच मला भीती वाटते. औषधांच्या दुकानात मोबाइल क्रमांक सांगताना या विधानाचा विचार अवश्य करावा. तेथील शेकडा अर्ध्या टक्क्यासाठी घरातील आजारांची यादी देणे आम्हास तरी महाग वाटते.

शेवटी एक व्यावहारिक बाब. कार्ड बंद करण्यापूर्वी, बँक बदलण्यापूर्वी, किंवा दोन योजनांचे एकत्रीकरण जाहीर होताच खात्यावरील गुण वटवून घ्यावेत. खाते मिटल्यावर ते मागता येतीलच असे नाही. अनेक योजनांच्या नियमांत गुण दुसऱ्याच्या नावे करता येत नाहीत, आणि खातेदाराच्या मृत्यूनंतर ते आपोआप लोप पावतात, असेही लिहिलेले असते. घरातील वडीलधाऱ्यांच्या नावे वर्षानुवर्षे गुण साचत असतील, तर ते किती आहेत आणि त्यांचा नियम काय, हे त्यांच्याजवळ बसून एकदा पाहून घ्यावे.